फोन बंद पडला तरी घरी पोचता आलं पाहिजे

बाळा,

परवा रात्रीचा तुझा मेसेज वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. दादरला फोन बंद पडला, पास फोनमध्ये, पैसे जीपेमध्ये, कोणाचा तरी फोन मागून आईला कळवावं तर आईचा नंबरच पाठ नाही, आणि ऑफिसातलं कोणीतरी दिसेपर्यंत तू तशीच बाकावर बसून राहिलीस. आता चांगली पॉवरबँक घेते असं म्हणालीस. घे की, पण नुसत्या तेवढ्याने भागणार नाही, म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

फोन सोडून दे असं मी अजिबात म्हणणार नाही. यूपीआय २०१६ साली आलं आणि आज कोथिंबिरीची जुडीसुद्धा आपण स्कॅन करून घेतो, लोकलचा टाइम एम-इंडिकेटरवर बघतो, मीपण हेच करते आणि सोय आहेच ती. पण तू तिकीट, पैसे, रस्ता, माणसांचे नंबर सगळं एकाच खुंटीला टांगलंयस, ती निसटली की हातात काहीच उरत नाही, मला काळजी वाटते ती याची. पर्सच्या आतल्या कप्प्यात पाचशेची एक नोट आणि थोडे सुट्टे कायम असू देत, त्यांना एरवी हात लावायचा नाही. आईचा आणि अजून दोन माणसांचे नंबर पाठ कर. आणि हे नीट लक्षात ठेव की ॲपवरचं तिकीट किंवा पास टीसीला दाखवता आला नाही तर विनातिकीट धरतात, बॅटरी गेली हे कारण चालत नाही, कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं. म्हणजे चार्जिंग संपत आलंय असं दिसलं की सरळ खिडकीवर जाऊन कागदी तिकीट काढायचं.

याहून मला जास्त लागतं ते वेगळंच. तू लेडीज डब्यात चढतेस तीच कानात इअरफोन घालून आणि डोंबिवली येईपर्यंत रील्स बघतेस. समोरची बाई घाटकोपरला उतरणार आहे हे बाकीच्यांनी 'कुठे उतरणार' विचारून कधीच ठरवून टाकलेलं असतं, सीट बुक झालेली असते, आणि तू मात्र शेवटपर्यंत उभी. सीटचं जाऊ दे, पण त्याच डब्यात बायका भाजी निवडतात, कोणाचं डोहाळजेवण करतात, नोकऱ्या सुचवतात, एखादी दोन दिवस दिसली नाही तर चौकशी करतात. रात्री उशिरा एकटी असशील तेव्हा 'चल, मी पण तिकडेच चाललेय' म्हणणारी बाई तुला याच डब्यात भेटणार आहे, ती कुठल्या ॲपवर मिळत नाही गं. स्टेशनवरच्या इंडिकेटरवर एस म्हणजे कर्जतची गाडी आणि एन म्हणजे कसाऱ्याची, हेसुद्धा आम्हाला अशाच कोणीतरी शेजारणीने सांगितलेलं.

रील्स बंद होत नाहीत यात सगळा दोष तुझा नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची रचना एझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ साली केली, आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ते मुळात संपूच नये असं बनवलंय, मग थांबा आपणच ठरवायला लागतो. तू असं कर, कुर्ला गेलं की फोन पर्समध्ये, मग डोंबिवलीपर्यंत बाहेर काढायचा नाही. पहिले काही दिवस हात शिवशिवतील, ते होणारच.

२६ जुलै २००५ ला तू कडेवर असशील. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद, मोबाईल बऱ्याच जणांकडे होते पण लागत नव्हते. लोक रुळांवरून, हायवेवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाले, पुढे पाणी किती आहे ते समोरून येणाऱ्याला विचारत विचारत, आणि ओळख ना देख अशा माणसांनी चहा-बिस्किटं दिली, रात्री घरात घेतलं. तेव्हा लोकांना विचारायची सवय होती म्हणून ते जमलं. तुझ्या वयाची मुलं रस्ता विचारायलासुद्धा संकोचतात हे मी बघते आणि मला खरंच वाईट वाटतं. स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला विचार, रिक्षास्टँडवर विचार, हे लोक हौसेने सांगतात, आणि चार वेळा विचारलंस की ते तुला ओळखायलाही लागतात.

आता एक काम आजच कर. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल, तो वहीत उतरवून ठेव. फोन चोरीला गेला तर आधी पोलिसात तक्रार करायची आणि मग सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करायचा, तिथे हा नंबर लागतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, सकाळची वाट बघत बसायचं नाही. हे सगळं फोनमध्ये सेव्ह करून काय उपयोग, कागदावरच लिही, आणि एक कागद घरीपण ठेव.

शनिवारी ये, जेवायलाच ये.

तुझी,
ताई