बोलीत नाव शेवटी कळतं, कायदा ते आधी मागतो

प्रश्न : वकीलसाहेब, मी चंदगड तालुक्यातला शेतकरी. काजू आणि ऊस आहे, रानडुकरांनी हैराण केलंय. बारा बोअरचं लायसन्स मिळालं आहे, खरेदीची मुदत ३० सप्टेंबरला संपते. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटण तालुक्यातल्या एका वयस्कर गृहस्थांची जुनी विलायती दुनळी बोलीला होती. ९ ऑगस्टला माझी बोली सगळ्यांत वर राहिली, ४० हजार आगाऊ पाठवले. ते म्हणतात, विक्रीचं पत्र मी मे महिन्यातच दिलंय, पंचेचाळीस दिवस कधीच होऊन गेले, रविवारी या आणि घेऊन जा. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो. पत्राचा फोटो जोडलाय. बोलीचा विषय न काढता समक्ष घेतली असं दाखवलं तर चालेल ना?

उत्तर :

रविवारी जाऊ नका.

तुम्ही पत्राचा फोटो मला पाठवलात, पण स्वतः वाचलेला दिसत नाही. पत्र १८ मेचं आहे, पोलीस ठाण्याचा आवक शिक्का आहे, सही आहे, सगळं आहे. फक्त खरेदीदार म्हणून नाव सांगोल्याच्या एका गृहस्थाचं आहे. त्यांचा व्यवहार मोडला असेल, म्हणूनच बंदूक ग्रुपवर आली. पण ते पंचेचाळीस दिवस त्यांचे होते. तुमचा अजून एकही दिवस सुरू झालेला नाही.

सेकंडहँड बंदुकीबद्दलचे प्रश्न वरचेवर येतात आणि सगळ्यांचा सूर एकच : ऑनलाइन घेतली तर गुन्हा आणि समोरासमोर घेतली तर कायदेशीर, असंच आहे ना? तसं नाही. भाव मोबाइलवर ठरला की ओसरीवर चहा पिताना, याची चौकशी शस्त्र अधिनियम, १९५९ करत नाही. कलम ५ च्या पोटकलम (२) मध्ये खासगी मालकाला एक सवलत आहे : स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र तो दुकानदारीचं लायसन्स नसतानाही विकू शकतो. त्या सवलतीला शेपटासारखं एक परंतुक, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेली अट, आहे. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि कळवताना ज्याला विकायचं आहे त्याचं नाव आणि पत्ता द्यायचा. असं कळवल्यावर किमान पंचेचाळीस दिवस उलटले की मगच शस्त्र द्यायचं.

नाव आणि पत्ता. तुमचं सगळं प्रकरण या दोन शब्दांत अडकलं आहे. बोलीत घेणारा कोण हे अगदी शेवटी कळतं, आणि कायद्याचं घड्याळ ते नाव कागदावर आल्याशिवाय सुरूच होत नाही. ‘पत्र आधीच दिलंय, दिवस भरलेत, माल तयार आहे’ असं बोलीतल्या बंदुकीबद्दल कोणी सांगितलं, तर ते पत्र दुसऱ्या कुणाच्या नावाचं आहे किंवा नावाशिवायचं आहे. दोन्ही तुमच्या कामाची नाहीत. समक्ष व्यवहाराचा फायदा असलाच तर एवढाच की नाव पहिल्या दिवशी माहीत असतं आणि पत्र दुसऱ्या दिवशी जाऊ शकतं.

आता तुमच्या तारखा बघू, कारण मला राग आलाय तो त्यांचाच. बोली ९ ऑगस्टला संपली. १० ऑगस्टला तुमच्या नावाचं पत्र पाटणला आवक झालं असतं, तर २४ सप्टेंबरला पंचेचाळीस दिवस भरले असते. २५ ला बंदूक ताब्यात, हातात पाच दिवस शिल्लक. तुम्ही मात्र बारा दिवस काडतुसं कुठली घ्यावीत यावर ग्रुपमध्ये गप्पा मारल्यात आणि मला २१ ऑगस्टला लिहिलंत. पत्र येत्या सोमवारी, २४ ला गेलं, तर दिवस ८ ऑक्टोबरला भरतात. मुदत ३० सप्टेंबर. आठ दिवस कमी पडतात, आणि ते कुठल्याही स्टॅम्पपेपरने भरून निघत नाहीत.

म्हणून सोमवारी दोन कामं करायची, एकाच दिवशी.

पहिलं पाटणला. विकणाऱ्यांनी नवं पत्र द्यायचं : त्यांचा लायसन्स क्रमांक, बंदुकीवरचा क्रमांक, ती कोणत्या कंपनीची, बोअर, तुमचं पूर्ण नाव, पत्ता आणि तुमच्या लायसन्सचा क्रमांक. मेच्या पत्रातला व्यवहार रद्द झाला हेही त्यातच एका ओळीत लिहायचं, नाहीतर पुढे कोणीतरी विचारणार की एक बंदूक दोघांना कशी विकली. कायद्यात ‘किंवा’ आहे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय किंवा पोलीस ठाणं, एक पुरे. मी दोन्हीकडे द्यायला सांगतो. हातोहात देऊन आवक शिक्का तारखेसह घ्यायचा. कोणी शिक्का द्यायला कां-कूं केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. दिवस मोजायचे ते त्या शिक्क्यापासून, पत्रावर लिहिलेल्या तारखेपासून नाही.

दुसरं कोल्हापूरला. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत खरेदीची मुदत वाढवून मागणारा अर्ज, ३० सप्टेंबरच्या आत. सोबत पाटणच्या पत्राची शिक्का असलेली प्रत जोडा. उशीर आळसाने नाही तर पंचेचाळीस दिवसांच्या अटीने होतोय, हे त्या प्रतीवरून दिसतं. (अंशतः आळसानेही होतोय, पण ते अर्जात लिहायची गरज नाही.) वाढ मिळेलच असं मी सांगू शकत नाही. गणपतीत अर्धं पोलीस खातं बंदोबस्ताला असतं आणि कुठलीही फाइल अहवालासाठी ठाण्यात गेली की परतीचा रस्ता विसरते. पण मुदतीत केलेला अर्ज आणि मुदत संपल्यावर केलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाढ लेखी हातात येईपर्यंत, पंचेचाळीस दिवस भरले तरी, बंदुकीला हात लावायचा नाही. खरेदीची मुदत संपलेल्या लायसन्सवर घेतलेली बंदूक विनापरवाना आहे असं कोणी म्हटलं, तर वाद कलम ३ वर जातो. त्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, कमाल पाच.

ग्रुपवरच्या जाणकारांनी तुम्हाला एक पळवाट सुचवली आहे : साताऱ्याच्या एखाद्या बंदुकीच्या दुकानदाराच्या रजिस्टरवर आज चढवायची आणि उद्या उतरवून घ्यायची. दुकानदाराला तुम्हाला विकताना पंचेचाळीस दिवस थांबावं लागत नाही, हे खरं. पण मालकाने दुकानदाराला देणं हीसुद्धा विक्रीच. परंतुकात ‘दुकानदार सोडून’ असे शब्द नाहीत. तेच पत्र, तेच दिवस, फक्त नाव दुकानदाराचं. मुदत वाढून मिळाली नाही तर मात्र खरा रस्ता दुकानाचाच आहे : ज्या जुन्या बंदुका आधीपासून त्याच्या साठ्यात रीतसर चढलेल्या आहेत, त्यांतली एक घ्या. विलायती नसेल, कदाचित सरकारी आयुधनिर्माणी कारखान्याची असेल, पण ३० सप्टेंबरच्या आत पावतीसह घरी येईल. डुकराला बंदुकीची कंपनी कळत नाही. आणि लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. तो वनखात्याचा वेगळा विषय आहे, त्याचं वेगळं पत्र लिहा.

तुमचा टेक्सासमधला भाचा म्हणतो, तिकडे ऑनलाइन लिलावात घेतलेली बंदूक आठवड्यात मिळते. मिळत असेल. पण तिकडेही दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून बोलीत घेतलेली बंदूक पोस्टमन घरी आणून देत नाही. ती परवानाधारक दुकानदाराकडे जाते, तिथे फॉर्म ४४७३ भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मगच हातात पडते. भाच्याने बोलीची गंमत सांगितली, दुकानाची पायरी सांगायची राहिली.

स्टॅम्पपेपरचा मसुदा तुम्ही पाठवलात. ‘आज रोजी संपूर्ण मोबदला पोचून सदर बंदूक विकत देऊन ताबा दिला असे.’ ही ओळ म्हणजे दोघांचाही कबुलीजबाब आहे. पंचेचाळीस दिवस न थांबता विक्री केली, हे पुराव्यासकट लिहून, खाली सह्या करून, नोटरीचा शिक्का मारून द्यायचं. विकणाऱ्यावर कलम ५ च्या भंगासाठी कलम २५ चं जे पोटकलम लागू शकतं, त्यात शिक्षा आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. विकण्याचा अधिकार नाही हे माहीत असून घेणाऱ्यासाठी कलम २९ आहे, तीन वर्षांपर्यंत. परवानाधारक म्हाताऱ्या माणसावर सरकारी वकील सगळं तिथवर ओढतील का? बहुधा नाही. पण ‘बहुधा’वर मी माझ्या अशिलाला पाटणला पाठवत नाही. करार करायचाच असेल तर तो विक्रीचा नको, विक्री करण्याच्या ठरावाचा करा. वस्तुविक्री कायद्याच्या कलम ४ मध्ये हा फरक आहे. रक्कम इतकी, आगाऊ इतकी, ताबा पंचेचाळीस दिवस उलटल्यावर आणि खरेदीदाराची मुदत वाढून आल्यावरच. तसं न झाल्यास आगाऊ रक्कम अमुक दिवसांत परत.

ती शेवटची अट आत्ताच लिहून घ्या. कुठलाही कागद नसताना ४० हजार पाठवलेत, हे मी एकदाच बोलतो आणि सोडून देतो. विकणाऱ्यांनी उद्या हात वर केले तर दिवाणी दावा लागेल, आणि एवढ्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयात उभं राहिलात की निकालापर्यंत तुमची काजूची नवी लागवड फळाला येईल. त्यात तो व्यवहारच कायद्याविरुद्ध होता असा बचाव त्यांनी घेतला, तर करार कायदा तुमच्या बाजूने किती उभा राहील हे न्यायाधीशांवर. ग्रुपवरचे संदेश, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, काही पुसू नका. ‘समक्ष घेतली असं दाखवू’ हा विचारही सोडा. लपवण्यासारखं अजून तुम्ही काही केलेलं नाही. लपवायला लागलात की मात्र होईल.

ग्रुप चालवणारा दोन टक्के घेतो असं तुम्ही लिहिलंय. त्याची काळजी त्याने करावी. विक्रीसाठी शस्त्र मांडणं, देऊ करणं हेही कलम ५ मध्ये येतं, आणि खासगी मालकाची सवलत दुसऱ्याच्या बंदुकांवर दलाली करणाऱ्याला मिळेल असं मला वाटत नाही. नुसत्या बोली लावणाऱ्यावर काही येतं का, यावर दोन मतं होऊ शकतात. तुम्ही ग्रुपमधून बाहेर पडा.

बंदूक बघायला मात्र जरूर जा. हे वकिलाचं काम नाही, पण फोटोवर दुनळी घेणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसासाठी बाहेरच्या बंदुकांची आयात जवळपास बंद आहे, म्हणून जुन्या विलायती बंदुकांना असा भाव येतो आणि त्या भावासाठी काय काय खपवलं जातं. नळ्या काढून उजेडाकडे धरा, आत खड्डे आहेत का, कुठे फुगवटा आहे का पाहा. जुन्या इंग्लिश बंदुकांची चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अनेकदा अडीच इंची असते आणि आजची काडतुसं पावणेतीन इंची; ती आत बसतात, म्हणून ती चालतात असं नाही. चांगला बंदूक कारागीर सोबत न्या. बंदुकीवरचा क्रमांक आणि त्यांच्या लायसन्सवरचा क्रमांक स्वतः ताडून पाहा, त्यांचं लायसन्स आज चालू आहे ना तेही. हे फोटोवर होत नाही. समक्ष जाण्याचा खरा फायदा हा. आणि बघून झालं की रिकाम्या हाताने परत या. ‘दुरुस्तीला नेतोय म्हणून चिठ्ठी देतो’ असं ते म्हणतील. मालकाच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याने बंदूक नेण्याची मुभा कलम ३ मध्ये आहे, पण ती दुरुस्ती, लायसन्सचं नूतनीकरण किंवा मालकाच्याच वापरासाठी. विकलेली बंदूक तुमच्या घरी नेणं त्यात बसत नाही. कुरिअरचं नावही काढू नका. सुटे भाग केले तरी कायद्याच्या व्याख्येत भागही शस्त्रच.

वडिलांची ठासणीची बंदूक पुढे तुमच्या नावावर यायची असेल तर तीही मोजा. २०१९ पासून एका माणसाला दोनच.

विकणाऱ्यांचं वय शहात्तर आहे. या पंचेचाळीस दिवसांत त्यांचं काही बरंवाईट झालं तर बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा होईल, मग वारसांचा प्रश्न, आणि तुमचं पत्र, तुमचे दिवस सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आगाऊ रक्कम परत करण्याच्या करारावर त्यांच्या मुलाचीही सही घ्या. मुलगा पुण्याला असतो असं तुम्ही लिहिलंय. सोमवारी तो पाटणला येणार आहे का, हे आज संध्याकाळी फोन करून विचारा.