संगीत आणि चित्रफिती यांचा आवाज एका पातळीवर कसा राखावा?

कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदे, नवी चित्रपटगीते, यूट्यूबवरील कीर्तने, रात्रीचे चित्रपट आणि नाशिकच्या गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेत मोबाइलवर मुद्रित केलेली भाषणे हे सर्व एकाच अँप्लिफायरवरून ऐकताना दर वेळी उठून आवाज कमी-जास्त करावा लागतो, असे आपण इंदिरानगरहून लिहिले आहे. विंडोज ११ मधील ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ सुरू केल्यास काम भागेल का, असेही आपण विचारले आहे. काम भागेल, परंतु गाण्यांची हानी होईल; त्यामुळे तो पर्याय मी सुचवणार नाही.

येथे दोन निराळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत. एक मुद्रण दुसऱ्यापेक्षा मोठे वाजते, ही पहिली. एकाच मुद्रणात कुजबुज आणि गडगडाट यांत फार अंतर असते, ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणजे संपूर्ण मुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली नेणे. यात मुद्रणातील चढउतार जसेच्या तसे राहतात. दुसरीसाठी कॉम्प्रेसर लागतो, जो क्षणाक्षणाला आवाज दाबतो आणि उचलतो. लाउडनेस इक्वलायझेशन हा दुसऱ्या प्रकारचा उपाय असून तो सरसकट सर्वांना लागू होतो. ख्यालाच्या आलापीत गायक श्वासासाठी थांबला की तानपुरा एकाएकी फुगून वर येतो, आणि समेवर तबल्याची थाप पडली की तोच तानपुरा दबला जातो. विलंबितापासून द्रुतापर्यंत कलावंताने जपून चढवत नेलेला आवाज त्यामुळे सपाट होतो, आणि हे मला कोणत्याही सोयीसाठी मान्य होण्यासारखे नाही.

गाण्यांसाठी खरा उपाय रिप्लेगेन हा आहे. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक गाणे कानाला किती मोठे वाटेल हे मोजले जाते आणि आवश्यक तेवढ्या डेसिबलांचा आकडा फाइलच्या टॅगमध्ये लिहिला जातो. मूळ ध्वनीला हात लागत नाही. सर्वोच्च शिखर, म्हणजे मुद्रणातील सर्वांत मोठा क्षण, पाहून आवाज जुळवण्याची जुनी पद्धत येथे उपयोगी पडत नाही, कारण कॅसेटमधील एखादा खटका शिखरापर्यंत पोहोचलेला असला तरी बाकीचे पद हळूच असते. कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे आयटीयूचे (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे) बीएस.१७७० हे मानक २००६ मध्ये आले, आणि त्यावर आधारलेल्या युरोपीय प्रसारणाच्या आर १२८ या २०१० मधील शिफारशीने उणे २३ एलयूएफएस ही पातळी ठरवली. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक आहे; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. संगीतासाठी आजचे रिप्लेगेन साधारण उणे १८ ही पातळी धरते.

फूबार२००० या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये सर्व गाणी निवडावीत, उजव्या क्लिकने रिप्लेगेनचे स्कॅन चालवावे आणि प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये ते लागू करावे. मिसळून गाणी लावत असाल तर ‘ट्रॅक’ निवडावा. एखाद्या संगीत नाटकाची पदे सलग ऐकायची असतील तर ‘अल्बम’ निवडावा, म्हणजे पदापदांतील मुळातला फरक टिकून राहतो.

यानंतर यूट्यूब. तेथे मोठ्या आवाजाच्या चित्रफिती सुमारे उणे १४ एलयूएफएसपर्यंत खाली आणल्या जातात, पण हळू चित्रफिती वर उचलल्या जात नाहीत. म्हणजे आपली गाणी उणे १८ वर आणि ब्राउझर उणे १४ वर, असा चार डेसिबलांचा फरक उरतो. तो गाणी वर ढकलून भरून काढू नये, त्यात आवाज फाटण्याचा धोका असतो. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये ब्राउझरची पट्टी कानाने जुळवून खाली आणावी, आणि एकंदर आवाज कमी वाटल्यास तो अँप्लिफायरवर वाढवावा. मोठ्याला खाली आणायचे, लहानाला ओढून वर न्यायचे नाही, एवढे पथ्य येथे पाळावे.

चित्रपटांच्या बाबतीत मात्र कॉम्प्रेसर योग्यच आहे, विशेषतः रात्री, शेजारच्या फ्लॅटमध्ये लोक झोपलेले असताना. तत्पूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. ५.१, म्हणजे सहा चॅनलच्या, ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनलमध्ये असतात. स्पीकर दोनच असून विंडोजमध्ये स्पीकरची रचना ५.१ ठेवलेली असेल, तर संवाद ऐकूच येत नाहीत किंवा अगदी पुसट येतात, आणि आपण आवाज वाढवला की पुढच्याच दृश्यात स्फोट अंगावर येतो. रचना स्टीरिओ करावी. त्यानंतर व्हीएलसी या चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’ उघडून कॉम्प्रेसर सुरू करावा: थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल, रेशो ४, रिलीज ३०० मिलिसेकंद आणि मेकअप गेन ८ डेसिबल यांपासून आरंभ करून कानाला पटेल तसे बदलावे. हा कॉम्प्रेसर केवळ व्हीएलसीपुरता असल्यामुळे फूबारमधील गाण्यांना त्याचा स्पर्शही होत नाही.

व्हिडिओ कॉल येताच गाण्याचा आवाज आपोआप उतरत असेल, तर ध्वनीच्या जुन्या सेटिंगमधील ‘कम्युनिकेशन्स’ या भागात ‘डू नथिंग’ निवडावे.

सर्वांत अवघड आहेत ती व्याख्याने. घाटावरील मोकळ्या जागेत वक्त्याचा आवाज दुरून येतो आणि टाळ्या मोबाइलच्या अगदी शेजारी वाजतात. रिप्लेगेन अशा मुद्रणाला वर उचलू पाहते, पण टाळ्यांची शिखरे आड येतात आणि आवाज फाटू नये म्हणून उचल मध्येच थांबवली जाते. भाषण पूर्वीइतकेच हळू राहते. अशा फाइलची प्रत ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडावी, प्रथम लिमिटरने (ठरावीक पातळीच्या वर जाणारा आवाज रोखणाऱ्या साधनाने) टाळ्या दाबाव्यात, वाऱ्याची घरघर असल्यास ८० हर्ट्झखालचा भाग काढावा, आणि शेवटी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने उणे १८ ही पातळी द्यावी. क्रम उलटा केल्यास अपेक्षित परिणाम मिळत नाही. मूळ मुद्रण मात्र वेगळे जपून ठेवावे. वक्त्याचे ते शब्द पुन्हा मिळणार नाहीत.

हीच गाणी पेन ड्राइव्हवर घालून गाडीत ऐकणार असाल, तर बहुतेक गाड्यांतील यंत्रे रिप्लेगेनचे टॅग वाचत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. त्यासाठी एमपी३गेन हे सॉफ्टवेअर वापरावे. ते एमपी३ फाइलमधील गेनचा आकडाच दीड-दीड डेसिबलच्या टप्प्यांनी बदलते, ध्वनी पुन्हा एन्कोड करत नाही, आणि केलेला बदल मागेही घेता येतो.