महिला मंडळात खाण्याच्या विकारांवर बोलायचं आहे. भाचीची गोष्ट सांगू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवरात्रात तुमच्या पेठेतल्या महिला मंडळाचा आरोग्यावर कार्यक्रम आहे, तुम्हाला अर्धा तास दिलाय, बायकांबरोबर त्यांच्या कॉलेजातल्या मुलीही येणार आहेत. तुमची भाची दोन वर्षांपूर्वी अ‍ॅनोरेक्सियातून, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडत जाण्याच्या आजारातून गेली, आता सावरली. तिची हकीकत फोटोंसकट सांगितली तर बायकांना गांभीर्य कळेल असं तुम्हाला वाटतं, पण मन खातंय.

बरोबर खातंय. नका सांगू. का ते सांगते.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ आहे आणि हा घोळ मी स्वतः घालून बसलेय. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात बोलायला गेले होते. प्रोजेक्टर होता, म्हणून हौसेनं फोटो लावले: आजारापूर्वीची मुलगी, आजारातली मुलगी. ती दिवसाला किती खायची, वजन कुठपर्यंत उतरलं, आईपासून काय काय लपवायची, सगळं तपशिलात सांगितलं. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता. दोघीतिघींनी डोळे पुसले. मनात म्हटलं, जमलं.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी एक मुलगी आली. हातात वही, मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडलेले, अक्षर एकदम सुवाच्य. म्हणाली, "मॅडम, एक विचारू काय? त्या मुलीचं सगळ्यात कमी वजन मी लिहून घेतलंय. पण तिची उंची सांगितली नाही तुम्ही."

मी उंची सांगितली! कुणी अभ्यासू पोरगी दिसते म्हणून कौतुकानं सांगितली. रिक्षा कावळा नाक्यापर्यंत आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती घाबरलेली नव्हती. ती हिशेब मांडत होती. डाव्या रकान्यात ती मुलगी, उजव्या रकान्यात ती स्वतः. माझ्या भाषणातून तिनं नेमका आकडा तेवढा उचलला होता, आणि तो मीच तिच्या हातात दिला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात फोन केला, पण नाव विचारलं नव्हतं, वर्ग विचारला नव्हता. कुठं शोधणार?

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की या वाटेनं माझ्याआधी बरेच मोठे लोक जाऊन आलेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ट्रेसी मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी असाच प्रतिबंधाचा कार्यक्रम घेतला होता. आजारातून बऱ्या झालेल्या मुली समोर येऊन आपली कहाणी सांगायच्या. १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले, ते उलटेच. कार्यक्रमाला बसलेल्या मुलींत पुढे लक्षणं थोडी जास्तच दिसली. अभ्यासकांचा तर्क असा की आजाराची लाज घालवायला गेलो आणि आजारच नेहमीचा वाटायला लागला. एका अभ्यासावर सगळं घर बांधू नये हे मान्य. पण माझ्यासमोर ती वही होती, मला तेवढं पुरलं.

तेव्हापासून मी हॉलमध्ये शिरताना एकच धरून चालते: इथं एक तरी अशी बसलेली आहे जिला हा आजार आहे, आणि ती सगळ्यात लक्ष देऊन ऐकणार आहे. बाकीच्या ऐकतील, जांभया देतील, विसरतील. ती विसरणार नाही. म्हणून वजनाचा आकडा नाही, कॅलरी नाहीत, ड्रेसचा साइझ नाही, किती दिवस उपाशी राहिली ते नाही. काय करून वजन उतरवलं आणि घरच्यांना कसं फसवलं, ते तर अजिबात नाही. भीती घालण्यासाठी सांगितलेली युक्ती तिच्या कानात युक्ती म्हणूनच जाते.

फोटोंचं दुखणं वेगळंच. हाडाचा सापळा दाखवला की समोरची म्हणते, "मी कुठं एवढी बारीक आहे? म्हणजे मला काही झालेलं नाही." खाण्याचा विकार असलेले बहुसंख्य लोक बघून ओळखू येत नाहीत. बुलिमियात (भरमसाट खाऊन मग ते शरीराबाहेर काढायची धडपड) वजन नेहमीसारखं असू शकतं, बिंज ईटिंगमध्ये (ताबा सुटून भरमसाट खाणं) जास्त असू शकतं. आणि हो, कार्यक्रमाचा फ्लेक्स छापायला जायच्या आधी स्वतः बघून घ्या. एकदा मी भाषणात एवढी सगळी काळजी घेतली आणि स्टेजवर मागं वळून बघते तर फ्लेक्सवर कंबरेला टेप गुंडाळलेली बाई, आठ फुटी. शेजारी नगरसेवकांचा नमस्कार.

आता तुमची भाची. तुम्ही नाव घेणार नाही म्हणताय, पण पेठेत "माझी भाची" एवढं म्हटलं की चहा यायच्या आत कुठली बहीण, कुठलं गाव, पोरगी कुठल्या कॉलेजात, इथपर्यंत गाडी पोचते. उद्या तिचं स्थळ बघताना कुणीतरी "तिला ते काहीतरी झालं होतं म्हणे" असं म्हणणारच. ती "सांग गं मावशी" म्हणाली असेल तरी दोन वर्षं हा फार कोवळा काळ आहे. मावशीला नाही म्हणता येत नाही, म्हणूनही मुली हो म्हणतात.

त्यापेक्षा मावशीची गोष्ट सांगा. ती तुमची आहे, तिला कुणाची परवानगी नको. तुम्हाला पहिल्यांदा शंका कधी आली, तुम्ही काय चुकीचं बोलून बसलात, कुठल्या वाक्यानंतर ती पुन्हा बोलायला लागली. खुर्चीवर बसलेल्या बायकांना नेमकं हेच हवं असतं, कारण उद्या त्यांच्या घरात ही वेळ आली तर त्या मावशीच्या, आईच्या, काकूच्याच जागी उभ्या असणार.

माझ्याकडे आलेल्या एका आईनं सांगितलेलं मी तिला विचारून पुष्कळ ठिकाणी सांगते, ओळख पटेल असं काही न ठेवता. लेक सगळ्यात जास्त आजारी होती त्याच महिन्यात घरात लग्न होतं. लग्नात जो भेटेल तो म्हणायचा, "काय मस्त बारीक झालीस गं! काय करतेस, आमाला बी सांग की." आयुष्यात एवढं कौतुक पोरीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. एवढं सांगून मी थांबते. हॉलमध्ये चुळबुळ सुरू होते, कारण त्याच सकाळी कुणी ना कुणी कुणाला तरी हे म्हणालेलं असतं.

मग त्यांनाच बोलतं करा. वयात येताना अंगावरून ऐकलेलं कुठलं वाक्य अजून लक्षात आहे, असं विचारा. साठीच्या बाई उठून चाळीस वर्षांपूर्वीच्या नणंदेचं वाक्य जसंच्या तसं सांगतात, आवाजासकट. (वजनाचा आकडा येऊ लागला की हसतहसत थांबवा.) मुलींना म्हणा, जाहिरातीतल्या बारीकपणाविरुद्ध तुम्हीच बाजू मांडा. एरिक स्टाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या ज्या पद्धतीचे परिणाम चांगले दिसलेत, तिचा गाभा हाच आहे: ऐकवायचं कमी, मुलीच्याच तोंडून वदवायचं जास्त.

कुणीतरी म्हणेलच, "आमच्यात असलं काय नसतंय बघा. तांबडा-पांढरा ओरपणारी माणसं आम्ही. हे पुण्या-मुंबईच्या पोरींचे लाड." चिडू नका. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सियाचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हा ना इन्स्टाग्राम होतं ना झिरो फिगर. आणि हा फक्त पोरींचा आजार नाही. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आहेत, वजनगटात बसायला धडपडणारे पैलवान आहेत.

तालमीत बोलायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, ही खुराकाची जागा, दूध-बदाम-तुपाची, इथं माझं कोण ऐकणार? पण पहिलाच प्रश्न विनेश फोगटवर आला. ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून कुस्तीच्या फायनलमधून बाद. "मॅडम, त्या रात्री तिनं काय काय केलं ते सांगा की." तपशील पेपरात येऊन गेलेले, सगळ्यांना पाठ. मी म्हटलं, ते नको, मी तुम्हाला दुसऱ्या पोरांचं सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. भुकेचा अभ्यास म्हणून. ही हसतीखेळती माणसं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र जेवणाचंच बोलायला लागली. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले! भूक संपली तरी खाण्याशी बिघडलेलं नातं लगेच जागेवर आलं नाही. तेव्हा मागं भिंतीला टेकून उभे असलेले वस्ताद पहिल्यांदा बोलले: "व्हय. वजन उतरवताना पोरं एकमेकांच्या अंगावर जात्यात. आमी म्हणायचो, माज आलाय."

मंडळात पण हेच सांगा. हट्ट, नखरे, माज असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं बोलणं असतं.

नवरात्र आहे, म्हणजे उपवास निघणारच. अंबाबाईच्या गावात उपवासावर घसरलात तर अख्खा हॉल हातचा जाईल, आणि उपवास म्हणजे आजार नव्हेच. एका कार्यक्रमात एका आजींनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. म्हणाल्या, "उपवासाला पारणं असतंय. तिच्या उपवासाला पारणंच नाही." मी तेच वापरते. पारण्याच्या दिवशी आनंद होतो की धास्ती वाटते, एवढं आईनं बघावं. आणि आजाऱ्याला उपवास नाही हे आपल्याकडे जुनंच आहे, ते मोठ्यानं म्हणा. "देवी रागावणार नाही" हे डॉक्टरपेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं कधी कधी जास्त लागू पडतं.

लक्षणं सांगताना बेतानं. घरच्यांबरोबर जेवायचं टाळणं, सतत थंडी वाजणं, चक्कर, पाळी थांबणं, मैत्रिणींत जाणं बंद होणं, एवढं सगळ्यांसमोर चालतं. लपवाछपवीच्या खुणा मी मुलींसमोर काढत नाही. आया मागं रेंगाळतात तेव्हा त्यांना वेगळं सांगते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगाच, कारण आपल्याकडे माया ताटातून उतू जाते. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम तुपाचा शिरा नि दुधाचे ग्लास भरवायला जाऊ नये. शरीरातले क्षार, विशेषतः फॉस्फेट, झपकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, रक्ताची तपासणी, ईसीजी. मग त्यांच्या सांगण्यानं हळूहळू वाढवायचं. पुढच्या उपचारात आईबापांचा हात फार मोठा असतो, म्हणून त्यांना दोषी ठरवणारं एकही वाक्य नको. मुलीला सुचवायचं वाक्य साधं ठेवा: "तू हल्ली आमच्यात नसल्यासारखी वाटतेस, मला काळजी वाटते." वजनाबद्दल, दिसण्याबद्दल काही नाही. "आता जरा बरी दिसायला लागलीस" हेसुद्धा नको, तिला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं.

मदतीचा पत्ता सुरुवातीलाच द्या आणि शेवटी पुन्हा द्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. क्रमांक फळ्यावर मोठा लिहा, म्हणजे कुणाला तो विचारायला हात वर करावा लागणार नाही.

प्रश्नोत्तरांत "किती वजन झालं होतं हो तिचं?" हे येणार म्हणजे येणार. उत्तर आधीच घोटून ठेवा. मी म्हणते, "ते सांगितलं तर इथल्या कुणाला तरी त्रास होईल, म्हणून नाही सांगत." बायका समजून घेतात.

आणि नाष्टा. असल्या कार्यक्रमानंतर बटाटेवडा आला की सुरू होतं, "आज पाप करते बाई, उद्या चालीन दोन फेऱ्या रंकाळ्याला." अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा: आज पाप-पुण्य नाही, आग्रह नाही, कुणाच्या प्लेटमध्ये डोकावायचं नाही. तुम्ही मात्र सगळ्यांत मिसळून खा, आणि लगेच गाडीकडे जाऊ नका. खुर्च्या गोळा होईपर्यंत तिथंच रेंगाळा, एखादी खुर्ची तुम्हीही उचला. माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी बहुतेक जणी त्याच वेळी आल्या, खुर्च्या एकात एक घालता घालता, माझ्याकडे न बघता. आता मी आधी नाव विचारते.