लुइझियाना राहिलंच

"आईला घरी सगळं येतं. कुणी समोर बसून विचारलं की पाटी कोरी." न्यू जर्सीहून एका मुलाचा फोन होता. दहावीच्या मुलांबद्दल हीच तक्रार मी रोज ऐकते, पण इथे परीक्षार्थी 66 वर्षांच्या होत्या.

साल 2019. अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत सहा आठवड्यांवर आलेली. इतिहास आणि नागरिकशास्त्राचे 100 प्रश्न आधीच जाहीर असायचे. अधिकारी त्यातले जास्तीत जास्त 10 तोंडी विचारणार, 6 बरोबर आले की पास. (ऑक्टोबर 2025 पासूनच्या नव्या अर्जांना 128 पैकी 20, आणि 12 बरोबर हवेत.)

व्हिडिओ कॉलवर काकूंच्या मागे फ्रिज दिसत होता, दारभर चिठ्ठ्या. मुलगा उठून गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पोळी तव्यावर असते हो, आणि हा विचारतो, पहिल्या महायुद्धात अध्यक्ष कोण? विल्सन माहीत असतो मला. पण 'आई, परवाच सांगितलं ना' म्हणाला की जीभच उचलत नाही."

मुलाला मी काम दिलं ते गप्प बसण्याचं. त्याला ते फारसं रुचलं नाही.

काकू मूळच्या सासवडच्या, इतिहासाची गोडी. म्हटलं, आधी आपल्याकडचं सांगा. 1776? "पेशवे-इंग्रजांचा पुरंदरचा तह!" त्याच वर्षी 4 जुलैला तिकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा. 1803? असईची लढाई. त्याच वर्षी अमेरिकेनं फ्रान्सकडून लुइझियाना हा प्रदेश विकत घेतला. यावर त्या अशा खुलल्या की दुसऱ्या बाजीरावावर भडकून मलाच वसईचा तह शिकवू लागल्या. अर्थात प्रत्येक प्रश्नाला अशी जोडी कुठली मिळायला? घटनेत दुरुस्त्या 27, प्रतिनिधीगृहात मतदान करणारे सदस्य 435, हे घोकावंच लागलं.

खरं अडत होतं ते मोठ्यानं, इंग्रजीत बोलताना. म्हणून रोज दहा मिनिटं मी कडक अधिकारी व्हायचे. पहिलं वाक्य पाठ करून घेतलं ते "प्लीज रिपीट द क्वेश्चन". नापास झालं तरी त्याच अर्जावर आणखी एक संधी मिळते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते ऐकल्यावर त्या खुर्चीत पहिल्यांदा टेकून बसल्या.

मुलाखतीच्या दिवशी फोन आला. आवाजात चक्क राग.

"सहा बरोबर आली तशी थांबलाच तो! म्हणे पास. लुइझियानाचं विचारलंच नाही."