‘कशावरून?’ असं विचारणारे सर

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे आणि एका कंपनीत इंटर्नशिप करते. आमच्या ॲपवर नवं खातं उघडताना बरेच जण अर्ध्यातच सोडून जातात. अशा चाळीस जणांच्या नोंदी बघून ‘फॉर्म लहान करावा’ असं मी प्रेझेंटेशनमध्ये सुचवलं. सरांनी लगेच विचारलं, ‘चाळीसच का? किती दिवसांतले? दुसरं कारण नसेल कशावरून?’ मला काही सुचेना. ‘सगळीकडे असंच करतात,’ एवढंच बोलले. बाकीच्यांना पटलं होतं, पण सरांना माझं काहीच पटत नाही. टीम बदलून मागू का?

उत्तर : सरांचे तिन्ही प्रश्न तू जसेच्या तसे लिहून पाठवलेस, हे फार बरं झालं. ते पुन्हा एकदा वाच. त्यात तुझ्याबद्दल एक अक्षरही नाही, सगळे प्रश्न नोंदींबद्दल आहेत. त्या क्षणी छातीत धडधडलं असणार, ते मी समजू शकते. पण ज्याला तुझं म्हणणं टाकूनच द्यायचं असतं, तो ‘बरं, बघू’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो. चिकित्सक माणूस खोदून विचारतो, तेव्हा तो त्या कल्पनेवर स्वतःचा वेळ घालवत असतो.

तुझं उत्तर मात्र चुकलं. पुरावा मागणाऱ्याला ‘सगळे करतात’ सांगितलं की त्याची शंका दुप्पट होते. ‘हे मी तपासलेलं नाही, उद्या दुपारपर्यंत बघून सांगते,’ हे त्याहून कितीतरी वजनदार उत्तर आहे. अट एकच : उद्या दुपारी खरंच सांगायचं.

आता त्या चाळीस नोंदींकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच तुटून विखुरलं आणि सात जण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते सांगत होते, की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतली गळती रोखणारी गोल रबरी कडी नीट काम करणार नाही, उड्डाण थांबवा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण चर्चा झाली ती कड्यांना इजा झालेल्या जुन्या उड्डाणांवर, आणि इजा थंडीतही झाली होती, उबेतही. त्यामुळे वरिष्ठांना संबंध दिसेना. चौकशी आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही जमेस धरली, तेव्हा चित्र लख्ख झालं : सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबेतल्या २० उड्डाणांपैकी फक्त तीन उड्डाणांत इजा होती, आणि सुमारे १७ अंश किंवा त्याहून थंडीतल्या चारही उड्डाणांत होती. दुर्घटनेला वेळापत्रकाच्या दबावासारखी इतर कारणंही होती. तरी माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण बरोबर असणं आणि शंका घेणाऱ्याला ते दिसेल असं मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत.

तू फक्त सोडून गेलेले बघितलेस. ज्यांनी तोच लांबलचक फॉर्म शेवटपर्यंत भरला, ते कुठे आहेत? सोडणारे नेमक्या कुठल्या रकान्यावर थांबले? सगळे जर मोबाइलवर येणारा कोड टाकायच्या जागी अडकत असतील, तर फॉर्म लहान करून काही होणार नाही. ‘दुसरं कारण’ म्हणजे सर बहुधा हेच शोधत होते.

पुढच्या वेळी कमकुवत बाजू तू स्वतःच आधी सांग. मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांवर एक प्रयोग केला होता. जपानशी युद्ध बराच काळ चालेल, हे काहींना एकाच बाजूने पटवलं आणि काहींना उलट मुद्दे मान्य करून सांगितलं. ज्यांना आधीच तसं वाटत होतं त्यांच्यावर एकतर्फी मांडणीचा प्रभाव अधिक पडला, ज्यांचं मत विरुद्ध होतं त्यांच्यावर दुतर्फी मांडणीचा. तुझ्या मीटिंगमध्ये हेच झालं. बाकीच्यांना तुझ्या स्लाइड पुरल्या, सरांना पुरल्या नाहीत.

आकडे त्यांना आदल्या दिवशीच पाठव. अशा माणसांना एकट्याने वाचायला वेळ लागतो, आणि भर मीटिंगमध्ये पहिल्यांदा बघितलेल्या आकड्यावर ते ‘हो’ म्हणत नाहीत. बोलताना ‘हे दिसलं’ आणि ‘यावरून मला असं वाटतं’ ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळू देऊ नकोस. आणि एकदा धीर करून विचार : ‘सर, काय दिसलं तर तुम्हाला हे पटेल?’ त्यांनी ‘दोन आठवडे निम्म्या लोकांना लहान फॉर्म दाखवून बघू’ म्हटलं, तर तुझं अर्धं काम झालं.

त्यांना ‘शंकेखोर’ असं नाव मात्र मनात चिकटवू नकोस. मग त्यांचा साधा प्रश्नही टोमणा वाटायला लागेल.

टीम बदलण्याबद्दल : आत्ता नको. अशा तयारीने आणखी दोन प्रेझेंटेशनं कर. पुरावा समोर ठेवूनही ते आकड्यांऐवजी तुझ्या वयावर, कॉलेजवर, तुझ्या बोलण्याच्या ढबीवर घसरले, चारचौघांत हसले, तर ती चिकित्सा नव्हे, तो अपमान आहे. तसं झालं तर तारखेसह लिहून ठेव, इंटर्नशिपच्या समन्वयकांशी बोल आणि बेलाशक टीम बदलून माग.