परांची आमच्या गच्चीत, दार उघडायचं की नाही?

प्रश्न: आमच्या फ्लॅटला हॉलला लागून उघडी गच्ची आहे. करारनाम्यात ती फक्त आमच्या वापरासाठी म्हणून दिलेली आहे. सोसायटीनं बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती काढली आणि परांची आमच्या गच्चीत उभी केली. मजूर, सिमेंटच्या गोण्या, राबिट (तोडफोडीचा मलबा), सगळं आमच्या हॉलमधून ये-जा करतं. चार महिने सांगितले होते, आठ झाले. दहा-बारा फरश्या फुटल्या. आता सेक्रेटरी म्हणतात, गच्चीवरची पत्र्याची शेड स्वखर्चानं काढा. शिवाय खालच्या घरात गळतंय, तर वॉटरप्रूफिंगही तुम्हीच करून द्या. सोमवारपासून दार उघडायचं नाही आणि मेंटेनन्सही भरायचा नाही, असं मी ठरवलं आहे. कायद्यात बसेल ना?

उत्तर: नाही बसणार. दोन्ही नाही. तुमचा राग मला समजतो, पण आज तक्रार तुमची आहे आणि या दोन गोष्टी केल्यात की ती कमिटीची होईल.

आधी मेंटेनन्स. फरश्यांची भरपाई आणि मासिक वर्गणी ही दोन वेगळी खाती आहेत. एकातून दुसरं तुम्ही परस्पर वळतं करून घेऊ शकत नाही. थकबाकीवर आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) आणायची सोय सोसायटीला आहे. सभेत तुम्ही फरश्यांचा विषय काढायला उभ्या राहिलात की पहिलं वाक्य ऐकू येईल, ‘आधी थकबाकी भरा.’ म्हणून पैसे भरा आणि सोबतच्या पत्रात ‘भरपाईचा हक्क राखून भरणा करत आहे’ असं लिहा.

आता दार. बाहेरची भिंत तुमची नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातली (बिल्डर आणि घर घेणारे यांच्या व्यवहारांचा कायदा) चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची, व्याख्या वाचली तर बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली जागा त्यातून वगळलेली दिसेल. एकट्याच्या वापराची उघडी गच्चीसुद्धा चटई क्षेत्रात धरलेली नाही, मात्र ‘केवळ त्या घरधारकाच्या वापरासाठी’ म्हणून तिची वेगळी ओळख कायद्यानं मान्य केली आहे. त्यामुळे गच्चीचा वापर तुमच्या एकटीचा असला, तरी तिच्या बाजूची भिंत सगळ्या इमारतीची आहे आणि तिच्या दुरुस्तीला वाट देणं तुम्हाला भाग आहे. पूर्वसूचना देऊन घरात येऊन पाहणी करण्याची मुभा उपविधींतही आहे. उद्या तुमच्या बंद दारामुळे काम अडलं आणि गिलाव्याचा तुकडा कोणाच्या डोक्यात पडला, तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

पण वाट देणं म्हणजे हॉलचं गोदाम करू देणं नव्हे. आठ महिन्यांत बहुधा कोणी विचारलं नसेल असा एक साधा प्रश्न आहे: माल हॉलमधून का? परांचीला बाहेरून शिडी असते, कप्पीनं गोण्या वर चढतात, राबिटही गोणीत भरून त्याच वाटेनं खाली सोडता येतं. घरातून नेणं कंत्राटदाराला सोपं पडतं, एवढंच. सोसायटीच्या सोयीपुरती वाट द्यायला तुम्ही बांधील आहात. कंत्राटदाराच्या आळसासाठी नाही.

म्हणून सोमवारी दार बंद करण्याऐवजी कमिटीला पत्र द्या आणि पोच घ्या. ‘कामाला माझा विरोध नाही’ हे पहिल्याच ओळीत असू द्या. पुढे प्रकरण कुठेही गेलं तरी हीच ओळ तुमच्या कामी येईल. मग अटी. माल बाहेरूनच चढवायचा. घरातून यायलाच लागलं तर आदल्या दिवशी कळवायचं, नावं दिलेलीच माणसं येतील आणि सोबत सुपरवायझर असेल. परांचीच्या पायांखाली फळ्या, फरशीवर प्लायवूड, हॉलच्या खिडक्यांना जाळी. आणि रोज काम संपल्यावर पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची जाळी साफ करायची.

ही शेवटची अट तुम्हाला किरकोळ वाटेल, पण तुमच्या वॉटरप्रूफिंगच्या भांडणाचं उत्तर तिथेच असण्याची बरीच शक्यता आहे. सिमेंटचं पाणी निचऱ्याच्या पाइपात जाऊन घट्ट बसतं, गच्चीत पाणी तुंबतं आणि खालच्या छताला ओल धरते. परांचीचे लोखंडी पाय थेट फरशीवर टेकवले की फरशी फुटते आणि तिच्याखालच्या वॉटरप्रूफिंगलाही इजा होऊ शकते. तेव्हा खालच्या घरातली गळती नेमकी कधी सुरू झाली? परांची लावण्याआधी की नंतर? खालच्या शेजाऱ्यांना सौजन्यानं विचारा, त्यांनी कमिटीला केलेल्या पहिल्या तक्रारीची तारीख मिळवा. फुटलेल्या फरश्यांचे आणि निचऱ्याच्या जाळीचे फोटो आजच काढा. परांची उतरल्यावर गच्चीत पाणी साठवून चाचणी घ्यायला लावा, तीही इंजिनिअर आणि तुम्ही समोर असताना. तोवर खर्चाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

कायद्याची बाजूही सेक्रेटरी म्हणतात तितकी सरळ नाही. तुमच्या गच्चीचा स्लॅब हे खालच्या घराचं छत आहे. घरांच्या छताची संरचनात्मक दुरुस्ती, गच्ची आणि कठडे, पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती, या गोष्टी आदर्श उपविधींनी सोसायटीच्या खर्चात टाकल्या आहेत. तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी काय म्हणतात ते मात्र पाहून घ्या. कमिटी म्हणेल, ‘गच्ची तुमच्या एकटीच्या वापराची, मग खर्चही तुमचा.’ तुम्ही फरश्या बदलल्या असतील, मातीचे वाफे केले असतील किंवा शेडचे खांब स्लॅबमध्ये रोवले असतील, तर या म्हणण्यात दम येतो. नाहीतर नाही.

आणि शेड. इथे तुमची बाजू दुबळी असू शकते. फ्लॅटमध्ये वाढीव किंवा बदलाचं काम करायला कमिटीची लेखी परवानगी लागते, आणि उघड्या गच्चीवर छप्पर घालायचं तर नियोजन प्राधिकरणाचीही (उदाहरणार्थ महापालिकेची) लागू शकते. परवानगी नसेल तर शेडसाठी भांडू नका, काढून टाका. फरश्यांच्या वादात कमिटीनं शेडवर बोट ठेवायचं आणि तुम्ही गप्प बसायचं, असं व्हायला नको. परवानगी असेल तर चित्र वेगळं: शेड काढणं आणि काम संपल्यावर परत बसवणं, दोन्हींचा खर्च मागा.

फरश्यांची भरपाई सोसायटीकडे मागायची. कंत्राटदाराशी करार तिचा आहे, तुमचा नाही. त्याच्या बिलातून कापून घ्यायचं की कसं, ते ती बघेल. उशिराचंही तसंच. कामाच्या करारात विलंबाचा दंड असेल तर तो वसूल करायचा हक्क सोसायटीचा. पण करार पाहायला मागणं आणि सर्वसाधारण सभेत मुदतवाढीचं कारण विचारणं हे सभासद म्हणून तुम्ही करू शकता. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी यंत्रं निवासी भागात चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, तेवढंही पत्रात घाला.

पत्राला दाद मिळाली नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. तिथे ‘काम थांबवा’ असं मागू नका. सगळ्या इमारतीचं काम एका गच्चीसाठी न्यायालय सहसा थांबवत नाही. अटी पाळायला लावा आणि भरपाई द्या, एवढंच मागा. आणि हो, इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर हा सगळा खर्च मुळात बिल्डरच्या माथी बसू शकतो. रेरानुसार या मुदतीत कळवलेले बांधकामातले दोष त्यानं विनामूल्य दूर करायचे असतात. ताब्याची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, ती तपासा. त्याबरोबर शेडच्या परवानगीचा कागद शोधा आणि तो हाती आल्यावर, किंवा नाहीच असं कळल्यावर, मगच पत्र पाठवा.