एसीचा कंप्रेसर की नवी गाडी? आधी कार्डाची बाकी बघा

प्रश्न : माझी गाडी १३ वर्षांची आहे. वेगात असताना एसी बरा चालतो, सिग्नलला थांबलं की गरम हवा येते. दर उन्हाळ्यात गॅस भरतो, त्यासाठी वार्षिक पॅकेजही घेतलंय. आता मेकॅनिक कंप्रेसर बदला म्हणतो. खर्च अर्ध्या महिन्याच्या पगाराइतका. तो क्रेडिट कार्डावर टाकू की गाडीच बदलू? कार्डावर दोन पगारांइतकी बाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के, पण मिनिमम ड्यू मी वेळेवर भरतो. एक विमा-बचत पॉलिसी आहे. तिचा हप्ता वर्षाला दीड पगार, दोन हप्ते झालेत. एजंट १२ टक्के परतावा सांगतो. आज मोडली तर भरलेल्याचे निम्मेच मिळतील, म्हणून हात लावत नाही. पत्नी आणि मुलगी माझ्यावर अवलंबून आहेत.

उत्तर : गाडीचं आधी उरकू. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. दरवर्षी कमी पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरत राहण्याचं पॅकेज तुमच्या गळ्यात मारलंय, त्याचं नूतनीकरण करू नका. शिवाय चालताना गार आणि थांबल्यावर गरम, हे बहुधा गॅसची उष्णता बाहेर सोडणाऱ्या कंडेन्सरवरून पुरेशी हवा जात नसल्याचं लक्षण असतं. गाडी पळताना ते काम वारा करतो, थांबली की सगळं पंख्यावर येतं. तेव्हा पंखा, त्याचा रिले (विजेचा स्विच), धुळीने बुजलेली कंडेन्सरची जाळी आणि केबिन फिल्टर आधी तपासून घ्या. मग गळतीची चाचणी, व्हॅक्युम (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं) आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस, वजन करून. जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो. कंप्रेसरच्या दोन्ही बाजूंचं गॅसचं प्रेशर मोजून दाखवल्याशिवाय तो बदलायला होकार देऊ नका. गाडी बदलायचा विचार तर आज सोडूनच द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. दोन पगारांच्या बाकीवर ३ टक्के म्हणजे महिन्याला पगाराचे ६ टक्के निव्वळ व्याज. आठ महिन्यांत एका कंप्रेसरची किंमत होते. वर्षभर साचू दिलं तर हे व्याज ४२ टक्क्यांवर जातं. 'मिनिमम ड्यू वेळेवर भरतो' यात समाधान मानण्यासारखं काहीच नाही. त्याने दंड टळतो, व्याज थांबत नाही.

आणि त्याच वेळी तुम्ही १२ टक्क्यांच्या आशेवर पॉलिसी भरताय! अशा पॉलिसीत इतका परतावा मिळेल हे मी धरून चालणार नाही. पण एजंटचा शब्द खरा मानला तरी ४२ देऊन १२ घेण्यात तुमचं काय उरतं?

आतापर्यंत तीन पगार भरलेत, मोडल्यावर दीड मिळेल. दीड पगाराचं नुकसान झोंबणारच, मलाही वाचताना झोंबलं. पण ते एजंटने तुम्हाला पॉलिसी विकली त्या दिवशीच झालंय. हातात येणारा दीड पगार कार्डावर भरा. बाकी अर्धा पगार उरेल. हप्त्यासाठी तुम्ही महिन्याला पगाराचे साधारण १२ टक्के बाजूला काढत असणार, कार्डाला १० टक्के तरी जात असतील. दोन्ही मिळून २२ टक्के कार्डावर भरा. नवी खरेदी थांबवलीत तर तीन महिन्यांत बाकी शून्य. पुढच्या अडीच महिन्यांत तेवढ्याच रकमेतून कंप्रेसरचे पैसे रोख जमतील. तो लागला नाही, तर तीच तुमच्या आपत्कालीन निधीची सुरुवात. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत तो वाढवत राहा.

मात्र पॉलिसी मोडण्याआधी साधा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) घ्या, किमान दहा वर्षांच्या पगाराइतका. हातातल्या पॉलिसीचं विमा छत्र हप्त्याच्या दहापट असेल, तर ते जेमतेम सव्वा वर्षाच्या पगाराएवढं भरतं. त्यावर पत्नी आणि मुलीचं किती दिवस भागेल? प्रकृतीची खरी माहिती द्या, टर्म पॉलिसी हातात पडू द्या, मगच जुनी पॉलिसी मोडण्याचा, म्हणजे सरेंडरचा अर्ज करा. पुढचा हप्ता जवळ आला असेल तर टर्मचा अर्ज याच आठवड्यात भरा. कंडेन्सरची जाळीही याच आठवड्यात धुऊन घ्या.